कवेलू, कूड आणि कार्डबोर्ड
वाचकांचे प्रश्न, हातकामाची उत्तरं

गेल्या अंकात मी आपल्या भागातल्या जुन्या घरांच्या छोट्या प्रतिकृती घरच्या घरी कशा उभ्या करता येतात, त्यावर लिहिलं होतं. त्यानंतर यवतमाळ, वर्धा, अमरावती, बुलढाणा अशा चारही दिशांनी पत्रं आली. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक प्रश्न आहे: साहित्य कोणतं चांगलं? माझं सगळ्यांना आधी एकच सांगणं आहे. दुकानात जायच्या आधी प्रमाण ठरवा, म्हणजे खऱ्याच्या किती पट लहान करायचं ते (१:८७ म्हणजे सत्याऐंशी पट लहान), आणि ज्या घराची प्रतिकृती करायची त्याच्या भिंतीवरून एकदा हात फिरवून या. भिंत किती जाड आहे, कोपरा धारदार आहे की गोलावलेला, छप्पर कुठे वाकलं आहे, हे कळलं की साहित्य आपोआप ठरतं. आपल्याकडची मातीची आणि कवेलूची (कौलांची) घरं दर पावसाळ्यात कमी होत आहेत. म्हणून हे काम ज्याला जसं जमेल तसं त्याने आताच करावं, असं मला मनापासून वाटतं. जागेअभावी काही पत्रंच घेते.

प्रश्न: ताई, मी एसटीतून निवृत्त झालो. लहानपणी दारव्ह्याच्या फलाटावर शकुंतलेची, म्हणजे आपल्या छोट्या लाइनच्या गाडीची, वाट बघत बसायचो. आता एक छोटं स्टेशन, बाजूला टिनाचं गोदाम आणि कापसाच्या गाठी असा देखावा १:८७ मध्ये करायचा आहे. पुठ्ठा घेऊ, सनबोर्ड घेऊ की बाहेरून स्टायरिनच्या (प्लॅस्टिकच्या) शीट मागवू? आणि रूळ कोणते लागतील? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर: भाऊ, शकुंतलेसाठी प्रमाण तुम्ही फार नेमकं निवडलं. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतं, आणि १:१६० च्या छोट्या गाड्यांसाठी जो तयार रूळ मिळतो तो ९ मिलिमीटरचा. जगभर अडीच फुटी गाड्या १:८७ मध्ये करणारे हाच रूळ वापरतात. फक्त त्याचे स्लीपर काढून टाका, ते फार बारीक आणि दाट असतात. त्या जागी लाकडी पट्ट्या थोड्या विरळ लावा, आणि सगळ्या एका रेषेत बसवू नका. मूर्तिजापूरचा फलाट करायचं मनात आलं तर मात्र गणित अवघड होतं. तिथे मोठी लाइनही आहे, १६७६ मिलिमीटरची. ती १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर येते आणि बाजारातला तयार रूळ १६.५ चा. छोटी आणि मोठी लाइन शेजारी ठेवली की ज्याने तो फलाट पाहिला आहे त्याला फरक लगेच खटकेल. तिथला मोठा रूळ हातानेच जोडावा लागेल.

आता भिंती. नऊ इंची विटेची भिंत १:८७ मध्ये २.६ मिलिमीटर होते, साडेतेरा इंची ३.९. म्हणजे ३ मिलिमीटरचा सनबोर्ड ही जवळजवळ तयार भिंतच आहे. फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात त्याचे उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, मागितले तर देतात. भिंतीची जाडी बाहेरून दिसत नाही असं वाटतं, पण ती खिडकीच्या आणि दाराच्या खोबणीत दिसते. पातळ कार्डाचं स्टेशन तिथेच खोटं पडतं.

सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो, त्यावर रंग धरत नाही. आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळीकडून घासून घ्या. जोडायला नळवाले पाइपला लावतात ते सोल्व्हेंट चालतं, थोडंच लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. थर्माकोल कापायची गरम तार सनबोर्डला कधीही लावू नका. पीव्हीसी जळलं की आम्लाची वाफ निघते, ती छातीत जाते. धारदार कटर, लोखंडी पट्टी आणि एका जोरात न कापता हलक्या हाताने तीन-चार वेळा रेघ ओढणं, एवढं पुरे.

स्टायरिन भिंतींसाठी मागवू नका, महाग पडेल. पण अर्धा मिलिमीटरची एक शीट जरूर मागवा. अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्यातले सुमारे ४३ मिलिमीटर, म्हणजे खिडकीच्या चौकटीची जाडी. चौकटी, झडपा, छपराच्या कडेची लाकडी झालर, तिकिटाच्या खिडकीचे गज, हे स्टायरिनमध्ये जितकं स्वच्छ कापलं जातं तितकं दुसऱ्या कशात नाही. स्टायरिन नाहीच मिळालं तर आयव्हरी कार्डावर फेविक्विकचा पातळ हात फिरवा. कार्ड ते शोषून घेतं, कडक होतं आणि मग कापताना त्याचे तंतू सुटत नाहीत.

गोदामाच्या टिनाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण देखाव्यात नजर आधी तिथेच जाते. नालीदार पत्र्याच्या दोन लाटांमधलं अंतर खऱ्यात तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते ०.८८ होतं. हार्डवेअरच्या दुकानातून ५ मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड आणा. त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर असतं, तुमच्या कामाला पुरेसं जवळ. जेवणाच्या पार्सलचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा कापून सपाट करा, तो सायकलच्या जुन्या ट्यूबवर ठेवा आणि त्यावरून हा रॉड दाबून लाटा. लाटा उमटतील, पण रॉड ज्या दिशेने फिरवला तिच्यापेक्षा किंचित तिरप्या. म्हणून पत्रे डब्याच्या कडेला धरून कापू नका, लाटांना काटकोन धरून कापा. आणि अख्खं छप्पर एकाच तुकड्याचं करू नका. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद असे पत्रे धरले तर २८ बाय ९ मिलिमीटरचे तुकडे होतील. ते एकमेकांवर एक-दोन लाटा चढवून बसवा. दोन-चार पत्रे थोडे वर-खाली सरकवा, एखाद्याचा कोपरा उचललेला ठेवा. गंज खिळ्यांपासून आणि कडेपासून सुरू होतो, मधल्या भागात उशिरा पोचतो. गेरूची वस्त्रगाळ पूड ब्रशने तिथेच लावा.

गाठींना लाकडी ठोकळे, त्यांना टिश्यू पेपर आणि वरून पट्ट्यांच्या जागी दोरा. पण गोदामासमोर सुट्या कापसाची गंजी दाखवणार असाल तर खरा कापूस ठेवू नका. १:८७ मध्ये तो धुरासारखा दिसतो. थर्माकोलचा उंचवटा घडवा, फेविकॉल लावा, वर बारीक चाळलेली पांढरी रांगोळी पेरा, आणि कापसाचे अगदी मोजके तंतू फक्त काठाला लावा.

प्रश्न: सासूबाईंचं मातीचं घर गेल्या पावसाळ्यात बसलं. फोटो आहेत, आठवणीही आहेत. मुलांसाठी तेच घर १:४८ मध्ये करते आहे. आमच्याच वावरातली माती फेविकॉलमध्ये कालवून भिंतीला लावली, पण वाळली आणि सगळी भेगाळली. कवेलू तर अजिबात जमत नाहीत. काय करू? (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

उत्तर: ताई, वावरातली काळी माती भेगाळणारच. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आखडते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. म्हणून तर आपल्याकडे भिंतीला काळी माती कोणी घेत नव्हतं. गावठाणातली पांढरी माती आणायची, कुटार (भुसा) टाकून भिजत घालायची, तुडवायची आणि मग भिंत चढवायची. तुमची ती काळी माती फेकू नका. घरामागे वखरलेलं शेत दाखवा आणि ती तिथे पसरा. थर जितका पातळ तितक्या भेगा बारीक येतात, त्यामुळे मिलिमीटरभरच द्या.

पांढरी माती आणली तरी अर्धंच काम होतं, कारण घर लहान केलं तरी मातीचा कण लहान होत नाही. एक मिलिमीटरचा खडा १:४८ मध्ये जवळजवळ दोन इंचांचा दगड होतो. माती मलमलच्या कपड्यातून गाळा, जे कपड्यात राहील ते अंगणासाठी ठेवा. गाळलेली माती दोन भाग, भिंतीला लावायची पांढरी पुट्टी एक भाग, पॉलिश पेपरने लाकूड घासताना पडतो तो भुसा चिमूटभर, आणि फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून त्यात हे सगळं कालवा. ब्रशने ओढता आलं पाहिजे इतकं पातळ हवं.

हे लिंपण नुसतं मातीचं उभं राहणार नाही, आत गाभा लागतो. दीड फुटाची मातीची भिंत १:४८ मध्ये साडेनऊ मिलिमीटर होते. ५ मिलिमीटरचे दोन सनबोर्ड किंवा बाइंडिंगच्या पुठ्ठ्याचे थर एकमेकांवर चिकटवून ती जाडी आणा. मग कानस घेऊन सगळे कोपरे गोल करा आणि भिंत वरून किंचित निमुळती करा. मातीच्या घराला धारदार कोपरा नसतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे आणि गुरांची अंगं घासून तो गेलेला असतो. गाभ्यावर जुन्या धोतराचा पातळ कपडा फेविकॉलने चिकटवा, म्हणजे लिंपणाला पकड मिळते. त्यावर पातळ हात द्या, सावलीत वाळू द्या, पुन्हा द्या. पुठ्ठा वापरला तर एका बाजूला जे लावाल ते आतल्या बाजूलाही लावा, नाहीतर भिंत एकीकडे ओढली जाऊन वाकते.

शेवटचा हात ओला असताना खऱ्या सारवणाच्या खुणा काढा. बाईचा हात भिंतीवर अर्धगोल फिरतो, दोनेक फुटांचा. तुमच्या भिंतीवर तो साडेबारा मिलिमीटरचा अर्धगोल होईल. चपटा, केस झडलेला जुना ब्रश कोरडा करून तसेच अर्धगोल एकाशेजारी एक ओढा. एवढ्या एका खुणेने भिंत जिवंत होते. खरं शेण मात्र वापरू नका, त्यात किडे होतात.

लिंपण पडून आतला कूड (काड्यांची भिंत) उघडा पडलेला असेल तर तोही दाखवा, पण खरी तुरीची काडी लावायचा मोह आवरा. बोटभर जाडीची तुरकाठी १:४८ मध्ये अर्धा मीटर जाड ओंडका होते. फुलझाडूच्या टोकाचे बारीक तुरे घ्या, ते जाडीला बरोबर बसतात. खराट्याची काडी खांबासाठी ठेवा.

आता कवेलू. देशी कवेलू कुंभार चाकावर नळी काढून, ती उभी चिरून करतो. आपणही तसंच करू. सायकलचा साधा स्पोक दोन मिलिमीटर जाड असतो. चार इंच रुंद कवेलू १:४८ मध्ये सव्वादोन मिलिमीटरच्या आत येतं, म्हणजे साचा घरातच आहे. स्पोकला मेणबत्ती घासा. तपकिरी कागदाची ओली पट्टी फेविकॉलच्या पाण्यात बुडवून त्याच्याभोवती गुंडाळा, फार तर दोन वेढे. वाळली की नळी ओढून काढा, ब्लेडने उभी चिरा आणि चार-चार मिलिमीटरचे तुकडे पाडा. पंधरा बाय दहा फुटांच्या एका बाजूच्या छपरालाच, वरच्या कवेलूची झाकणी सोडून, सुमारे ९०० कवेलू लागतील. मुलांना बसवा बरोबर. काम वाटून झालं तर सुट्टीतली एक संध्याकाळ पुरत नाही, पण कंटाळाही येत नाही. पायथ्यापासून वर जायचं, एक ओळ उताणी, तिच्या दोन्ही कडांवर दुसरी पालथी, आणि प्रत्येक वरचं कवेलू खालच्यावर थोडं चढलेलं.

मात्र खालचं छप्पर सरळसोट ठेवू नका. सासूबाईंच्या घराचे फोटो नीट बघा: मयाल (मोठी तुळई) वाकलेली असेल, आढ्याला मध्ये झोळ असेल. दोन मिलिमीटरचा झोळ पुरे. नवी लाल कवेलू मधूनमधून टाका, कारण दर पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढून छप्पर चाळलेलंच असतं. छपराची पाखं खाली खूप ओढा. मातीच्या भिंतीला पावसापासून तेवढाच आधार असतो, आणि म्हणूनच आपण त्या घरांत वाकून शिरायचो.

हिंगणघाटहून सेवाग्राम दूर नाही. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. तिथल्या कुट्या माती, बांबू, कवेलू अशा आपल्याच सामानाच्या आहेत आणि नीट राखलेल्या आहेत. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीच्या उठावात झाडं काढली आहेत. मुलांना घेऊन जा, भिंतीजवळ बसा, सावलीत आणि तिरप्या उन्हात ती कशी दिसते ते बघा. फोटोपेक्षा त्या तासाभरात जास्त शिकाल.

प्रश्न: मी आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचं घर केलं आणि स्प्रे मारला तर भिंती विरघळल्या. का? (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर: बाळा, स्प्रेच्या रंगात जो थिनर असतो तो थर्माकोलला विरघळवतो. फेविबॉन्डसारखे रबरी गोंदही तेच करतात. थर्माकोलला आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात दे, पूर्ण वाळू दे आणि मग पाण्याचा रंग ब्रशने लाव. आणखी एक गोष्ट, ती लक्षात ठेवच: फेविक्विक सांडलं तर कापसाने किंवा सुती कपड्याने पुसू नकोस. कापसाला लागलं की ते एकदम तापतं, बोट भाजतं. आपल्या घरोघरी कापूस हाताशी असतो, म्हणून मुद्दाम सांगते.

प्रश्न: आमच्या गावात पांढऱ्या मातीची जुनी गढी आहे, अर्धी ढासळलेली. तिचा एक बुरूज आणि पायथ्याची दोन धाब्याची घरं करायची आहेत. बुरूज कशात कोरावा? (चिखली तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर: साध्या थर्माकोलमध्ये कोरू नका, दाणे सुटतात आणि पृष्ठभाग कायम दाणेदार दिसतो. बांधकामात उष्णता रोखायला लावतात तो दाट निळा किंवा गुलाबी फोम मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आत थर्माकोलचा ओबडधोबड गाभा आणि वर पुट्टी-मातीचं लिंपण, पण दर थर दोनेक मिलिमीटरच्या आतच ठेवा.

गढीचं सगळं रूप झिजेत आहे. पाऊस वरून खाली चर पाडत येतो, म्हणून तारेचा ब्रश नेहमी वरून खालीच ओढा, आडवा कधीच नाही. माती जिथे दगडी जोत्याला टेकते तिथे ती आत खाल्लेली असते आणि वरचा भाग पुढे आलेला दिसतो. ढासळलेली माती पायथ्याशी उतरत गेलेली असते. ती दाखवली नाही तर बुरूज जमिनीवर नुसता ठेवल्यासारखा वाटतो. त्या ढिगाऱ्याचा रंग भिंतीपेक्षा किंचित फिका ठेवा. माथ्यावर वाळलेलं गवत, दोन-तीन ठिकाणी जंग्या (बंदुकीसाठीची भोकं), एखाद्या भोकात कबुतरं.

धाब्याच्या घराला सपाट माळवद असतं म्हणून ते सोपं समजू नका. वरची माती मध्ये उंच आणि पन्हाळीकडे उतरती असते, पन्हाळीखाली भिंतीवर ओघळाचा काळपट पट्टा असतो. लाकडाची टोकं भिंतीबाहेर आलेली असतील तर ती मोजून, तितक्याच अंतरावर लावा. वर वाळत घातलेल्या मिरच्या, कुरड्या, मोडकी बाज. हे सामान शेवटी ठेवा, कारण त्यावरून घरातली माणसं कळतात.

प्रश्न: शेजारचा जुना वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. नकाशा नाही. मोजमाप कसं घेऊ? (अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर: दिवाळीची वाट बघू नका, याच आठवड्यात मालकांची परवानगी घेऊन जा. एक मीटरच्या काठीला दर दहा सेंटीमीटरला आलटून पालटून लाल-पांढरा रंग द्या आणि प्रत्येक फोटोत ती भिंतीला लावून उभी करा. फोटो भिंतीसमोर सरळ उभं राहून, काठी भिंतीच्या मध्यावर ठेवून घ्या. तिरप्या फोटोवरून मोजमाप निघत नाही. उंची हाताला येत नसेल तर उघड्या विटांचे थर मोजा: दहा थरांची उंची एकदा टेपने घ्या आणि बाकी गुणाकाराने काढा. दार, खिडकी, जोतं, पायरी, ओट्याची उंची आणि खांबाचा घेर मात्र टेपनेच.

रंगांचे फोटो फसवतात, मोबाइल त्यात आपलं डोकं चालवतो. चुन्यात नीळ घातलेली भिंत असेल, गेरूचा पट्टा असेल, तर पडलेला एखादा पापुद्रा कागदात बांधून आणा. दारांचं कोरीवकाम असेल तर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, नक्षी पूर्ण मापात उतरते. मग झेरॉक्सवाल्याकडे ती हव्या त्या टक्क्याने लहान करून घ्या. १:५० ला २ टक्के हवे असतात, आणि मशीन साधारण २५ टक्क्यांपर्यंतच एका वेळी कमी करतं, म्हणून तीन टप्प्यांत करा. वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कोणत्या खोलीत काय होतं ते विचारून नकाशावर लिहून ठेवा. भिंतींची मापं पुढे कुठून तरी मिळतीलही, ही माहिती मिळणार नाही.

प्रश्न: केलेली घरं उन्हाळ्यात सुटतात, पावसाळ्यात फुगतात, आणि बांबूला भुंगा लागतो. उपाय? (वणी, जि. यवतमाळ)

उत्तर: आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाखालची खोली त्याहून तापते. अशा उष्णतेत ग्लू-गनचा गोंद मऊ पडतो, आणि फेविकॉलचा जोडही सतत वजन असेल तर हळूहळू सरकतो. म्हणून छपराचं वजन गोंदावर टाकू नका. आत आडव्या पट्ट्या द्या, भिंती एकमेकींत खाच पाडून बसवा, गोंद फक्त धरून ठेवायला. टिनाच्या खोलीऐवजी घरातली सर्वांत थंड खोली निवडा, आणि भिंतीला चिकटून ठेवू नका.

बांबू आणि लाकूड वापरण्याआधी पूर्ण वाळवा. बुरडाकडून कमच्या आणल्या तर साल बाहेर राहील अशा आणा, आतला गर भुंग्याला जास्त आवडतो. कागद चिकटवायला खळ वापरत असाल तर बाइंडिंगवाले टाकतात तसं चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर कसर लागते. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि भांडं वेगळं ठेवा. सगळं झाल्यावर आतून-बाहेरून मॅट वॉर्निशचा एक हात द्या. तळाच्या प्लायवूडलाही खालून द्या, पावसाळ्यातली ओल तिथूनच चढते.